मडक्यावरचं सुपडं

आबा, परवा दसऱ्याला मी तुमच्यासारखीच ओरडले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. घरात माझं ऐकायला कुणी रिकामं नाही असं नाही. पण ज्या गोष्टीसाठी ओरडले ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळायची नाही. तुमच्या पणतवानं, म्हणजे माझ्या नातवानं, नवा ट्रॅक्टर घेतलाय, पुढे सुपडं लावलेला. हो, तुमच्या वेळी सगळा गाव त्याला सुपडं म्हणायचा तसं मी अजूनही म्हणते. पोरं लोडर म्हणतात. पूजेसाठी त्यानं ते सुपडं पार आभाळात चढवलं, खाली झेंडूचं तोरण सोडलं आणि इंजिन बंद करून फोटो काढायला लांब उभा राहिला. त्याची नवी नवरी, नवापूरची पोर, बरोबर त्या सुपड्याखाली मांडी घालून रांगोळी काढत बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी आपटली आणि पाहुण्यारावळ्यांसमोर असा आवाज काढला, की भटजींचा मंत्र थांबला. पोर उठली, रांगोळीचा डबा तिथंच टाकला आणि खोलीत गेली. परवापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, ही गोष्ट मी कुठं पाहिलेली आहे?

आपल्या घरात मी आले तेव्हा सतरा वर्षांची होते. नंदुरबारला माझे वडील रेल्वेत नोकरीला, सातवीपर्यंत शिकलेली मी, शेतातलं काही येत नाही म्हणून आधीच बायकांच्या बोलण्यातली. आपलं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात. तापीकाठच्या आपल्या गावात ट्रॅक्टर होता तो एकच, आणि तोही तुमचा. बाकी लोक सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडा आणायचे. तुम्ही कालव्याच्या कामावर चार उन्हाळे ड्रायव्हरकी केली आणि काम संपल्यावर ठेकेदाराचा जुना परदेशी ट्रॅक्टर घेऊन आलात, पुढच्या सुपड्यासकट. गावातली माणसं नुसतं बघायला यायची. उकिरड्यातलं खत पंधरा माणसांनी दिवसभर भरायचं, ते हे सुपडं एका सकाळीत ट्रॉलीत टाकायचं. माय, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला जावयासारखं जपायच्या. वरून पुसायच्या, नजर लागू नये म्हणून काळी बाहुली बांधायच्या. पण त्याच्या पोटात काय चालतं, ते एका तुम्हाला माहीत होतं.

माझा पहिला दसरा. औजारांची पूजा, आणि नव्या सुनेनं मशीनला ओवाळायचं असं मायनं ठरवलेलं. सुपडं जमिनीला टेकलेलं होतं, तुम्ही नेहमी तसंच ठेवायचात. मायला ते पटेना. "सनना दिन मशीननी मान खाले कसाले?" म्हणाल्या. तुम्ही नदीकडे गेलेले होतात, आपट्याची पानं आणायला. मग यांनी, म्हणजे तुमच्या मुलानं, इंजिन चालू करून सुपडं उंच केलं, तोरण बांधलं आणि इंजिन बंद केलं. कसं छान दिसत होतं म्हणून सांगू! अगदी वेशीसारखं. सगळी भावकी अंगणात. मी हनुवटीपर्यंत पदर ओढून, हातात आरतीचं ताट घेऊन त्या वेशीतून आत शिरले. पुढच्या जाळीला कुंकू लावायचं होतं, त्यासाठी सुपड्याखाली वाकले.

आणि तुमचा आवाज आला. "ए पोरी! भायेर निंघ! निंघ भायेर!" मला पदरामुळे काही दिसत नव्हतं. मी घाबरून तिथंच थिजले. तुम्ही पानांची पिशवी टाकून धावत आलात, माझं मनगट धरलंत आणि ओढून बाहेर काढलंत. ताट हातातून गेलं. दिवा विझला, कुंकू मातीत. आबा, सासरा सुनेशी सरळ बोलतसुद्धा नाही अशा घरात तुम्ही चारचौघांत माझा हात धरला होतात, आणि दसऱ्याच्या दिवशी नव्या सुनेच्या हातून दिवा विझला होता. यातलं जास्त वाईट कोणतं, हे अंगणातल्या बायकांना ठरवताच येईना. तुम्ही कुणाकडे बघितलं नाहीत. सरळ सीटवर चढलात, दांडा ओढून सुपडं भुईला टेकवलंत. तोरण त्याच्याखाली चिरडलं गेलं.

मी दुपारी जेवले नाही, संध्याकाळी जेवले नाही. चुलीपाशी बसून डोळे गाळले. मागच्या दाराला बायका कुजबुजत होत्या, माझ्या पायगुणाचं काही काही बोलत होत्या. मला वाटलं, संपलं. आता या घरात मी जन्मभर दिवा विझवणारी. माहेरी चिठ्ठी लिहावी आणि वडलांना बोलवून घ्यावं, इथपर्यंत मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. तिथं तुम्ही कधी यायचा नाहीत. आत न बघता म्हणालात, एक जुनं मडकं द्या. मायनं कडेला चीर गेलेलं मडकं काढून दिलं. मग तुम्ही मोठ्यानं, मागच्या दाराला ऐकू जाईल असं बोललात, "काल दिवा इनी नई इझाडा, मी इझाडा. ज्याले काय बोलनं व्हई त्यानी माले बोलानं." मागच्या दाराच्या बायका पांगल्या. आबा, तेवढ्यानंच माझी अर्धी भूक परत आली होती.

अंगणात तुम्ही सुपड्यात ओली माती भरलीत, ते उचललंत, त्याच्याखाली बरोबर मधोमध मडकं उपडं ठेवलंत. मडक्याच्या वर हातभर जागा राहिली. इंजिन बंद. मग निंबाच्या सावलीत खाट ओढलीत आणि मला हाक मारलीत. "वहू, आठे बठ. आज तुले काहीच काम नई. फक्त त्या मडकाकडे दखानं." मायनं दारातून डोळे मोठे केले. मी खाटेपासून लांब, जमिनीवर बसले. दोघंही मडक्याकडे बघतोय. काय वेडेपणा, असं जाणारायेणारा म्हणत असेल. पहिल्या तासाभरात काहीच झालं नाही. सुपडं होतं तिथंच.

मग तुम्ही बोलायला लागलात. त्या मशीनला हाडं नाहीत, म्हणालात. ते वर उभं आहे ते पोटातल्या तेलाच्या जोरावर. तेल एका नळीतून जातं, नळी रबराची, आणि रबर उन्हानं फुटतं, उंदीर कुरतडतो, आतून सडतं. वरून चांगलं दिसतं. मग कालव्यावरची गोष्ट सांगितलीत. वैशाखाचं ऊन, आसपास झाड नाही. दुपारी भाकर खायला सावली पाहिजे म्हणून तुमच्या जोडीच्या ड्रायव्हरनं सुपडं वर करून ठेवलं आणि दोघं त्याच्या सावलीला बसलात. "सावली गार व्हती, म्हनीसन बठनूत. माले तहान लागनी, मी पानी पेवाले उठनू. मांगे वळीसन दखं तं सुपडं खाले." तेवढंच. त्या माणसाचं पुढं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आपल्याकडच्या उन्हात सावली दिसली की माणूस बसतोच, आबा. त्याच्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

दुपारच्या जेवणाला तुम्ही खाटेवरून उठला नाहीत, तिथंच भाकर मागवलीत, आणि मायला सांगितलंत, तिलापण इथंच दे. मी पदराआड तोंड फिरवून जेवले. दीड दिवसानंतरचा पहिला घास. सुपडं तोवर वीतभर खाली आलेलं, पण कधी आलं ते मला दिसलं नव्हतं. टक लावून बघितलं तरी हलताना दिसत नाही, आणि जरा नजर काढली की खाली आलेलं असतं. तुम्ही माझ्या माहेरचं विचारलंत. स्टेशनातलं विचारलंत. मिरचीच्या मोसमात नंदुरबारात सगळं गाव कसं शिंकतं, ते मी सांगितलं तेव्हा खदखदा हसलात. सासरा हसतो हे मला तेव्हा कळलं! गाईंच्या धारा काढायची वेळ झाली आणि कर्रकन आवाज आला. मडक्याचं बूड आत गेलं, मग सगळंच बसलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "दखं?" मी मान हलवली.

मग जे म्हणालात, ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "मन्हा आंडोर मन्हं ऐकस नई. तो घाईना मानूस शे. तुन्हं ऐकी." म्हणजे ते सगळं माझ्यासाठी नव्हतंच फक्त. तुम्ही तुमचा मुलगा माझ्या पदरात टाकत होतात.

त्यानंतर तुम्ही मला जे शिकवलंत, त्याला शिकवणी म्हणत नाहीत आपल्याकडे. सकाळी दूध तापायला ठेवून मी बाहेर यायचे आणि तुम्ही ग्रीसची पिचकारी हातात द्यायचात. प्रत्येक सांध्याला नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. तेल बघायचं ते सुपडं भुईवर असतानाच, नाहीतर माप खोटं. नळीला ओल दिसली तर हातानं चाचपायचं नाही; खोक्याचा पुठ्ठा धरायचा, कारण दाबातलं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. बंद करायचं म्हणजे आधी सुपडं टेकवायचं, मग इंजिन, मग दांडा पुढेमागे हलवून नळीतला उरलेला दाब सोडायचा, आणि किल्ली काढून खिशात. मला खिसा नव्हता. मी कनवटीला लावायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या पदराकडे बघितलंत, इंजिनाच्या फिरत्या पंख्याकडे बघितलंत आणि घरात जाऊन तुमचा धुतलेला गमछा घेऊन आलात. "पदर डोकावरना काढ, हाई बांध. मशीनफुडे सासरा नई नि वहू नई." मायनं त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला. पण डोकं झाकलेलं तर होतं! काय बोलणार? चार दिवसांनी त्यांनीच त्या गमछ्याला कडेनं टीप मारून दिली, म्हणाल्या, धागे लोंबतात.

मायची आणि तुमची ती शेवग्याची लढाई आठवते? शेंगा वरच्या फांदीला लागलेल्या, आणि मायचं म्हणणं, मी सुपड्यात उभी राहते, मला वर करा. तुम्ही म्हणालात, ते माणसाचं आसन नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही चढा झाडावर. तुम्ही खरंच चढलात, त्या वयात, आणि वरून शेंगा मायच्या अंगावर टाकल्यात. त्या वर्षी तुम्ही मला सीटवर बसवलंत. मागे नदीतले गोटे भरलेली पेटी बांधायला शिकवलंत, म्हणजे पुढं ओझं आलं की मागची चाकं उचलायची नाहीत. भरलेलं सुपडं गुडघ्याच्या वर ठेवून चालायचं नाही. तापीच्या उतारावर आडवं जायचं नाही, सरळ चढायचं नि सरळ उतरायचं. मी पहिल्यांदा खताची ट्रॉली भरली तेव्हा अर्धं खत चाकावर सांडलं आणि तुम्ही पागोटं सावरत म्हणालात, चाकालाही खत लागतं. मी इतकी हसले, की इंजिन बंद पडलं.

आता ती दुपार. चैत्र होता, पाऊसकाळाआधी शेतात खत टाकायची घाई. सुपड्याच्या सांध्यातली एक पिन झिजलेली, आणि ती सुपडं धरणारे दोन्ही लोखंडी बाहू वर केल्याशिवाय निघत नव्हती. तुम्ही मिरची घेऊन नंदुरबारला गेलेले. यांनी सुपडं वर केलं, इंजिन बंद केलं आणि पाना घेऊन खाली शिरायला निघाले. तुमचे बाभळीचे जाड टेकू गोठ्याच्या भिंतीला उभे होते. मी म्हटलं, आधी टेकू लावा. "दोन मिन्टनं काम शे, तू घरमा जाय." मी पुन्हा म्हटलं. हे चिडले. बाईमाणसानं मशीन शिकवावं का, वगैरे, जे म्हणायचं ते म्हणाले. मग माझंही डोकं फिरलं. मी हातातली परात ठेवली आणि सरळ सुपड्याकडे चालायला लागले. "तुमले भेव नई ना? मंग मी बठस तठे. तुम्ही घरमा जा." त्यांचं तोंड लाल झालं. मी खाली शिरायच्या आत त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं, जसं तुम्ही ओढलं होतंत, आणि पाय आपटत टेकू आणायला गेले. दोन्ही बाहूंखाली टेकू लावले, ठोकून बसवले. मग आत शिरले.

मी परात उचलून दारापर्यंतही पोचले नव्हते. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. वळून बघते तर नळी मध्ये फाटलेली, तेलाचा फवारा यांच्या पाठीवर, आणि सुपडं बाहूंसकट धाडकन टेकूंवर बसलेलं. बाभूळ करकरली. पण उभी राहिली, आबा. हे सरपटत बाहेर आले, तेलानं निथळत, आणि ओट्यावर बसले. पाणी मागितलं. तांब्या मीच त्यांच्या तोंडाला लावला.

संध्याकाळी तुम्ही आलात. आम्ही तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही अंगणातलं तेल बघितलंत, फाटलेली नळी बघितलीत, टेकूंच्या माथ्यावर पडलेल्या खोल खुणांवरून बोट फिरवलंत. मग हातपाय धुतलेत आणि पानावर बसलात. मायनं तुमचं ताट वाढायला घेतलं, तर तुम्ही ताटावर हात आडवा धरलात. "आज वहूले पहिले वाढ." ज्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायका पाण्याचा पेला घेत नाहीत, त्या घरात. मायनं माझं ताट वाढलं, आणि वर दोनदा तूप सोडलं. मी पहिला घास घेईपर्यंत तुम्ही आणि तुमचा मुलगा रिकाम्या पानांवर बसून होतात.

तुमचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, माझा हात हातात धरून. चार मुलं, नातवंडं, सगळं बघून गेला. तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. पण आबा, त्या चैत्रातल्या दुपारनंतरचा माझा सगळा संसार तुम्ही मला दिलेला आहे. लग्नात वडलांनी दिलं ते वेगळं. हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्या घरात असं कुणी म्हणत नव्हतं. आज म्हणते, तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

आता त्या नवापूरच्या पोरीचं. पणतू म्हणतो, आजी, याला लॉक आहे, नळी फुटली तरी हे खाली येत नाही. मी म्हटलं, तुझं लॉक चुलीत घाल, सुपडं भुईवर टेकव. टेकवलं त्यानं. पण पोर अजून खोलीतच. सकाळी माळ्यावरून जुना माठ काढायला लावलाय. फ्रीज आल्यापासून पडून होता. उद्या अंगणात सुपड्यात माती भरायला सांगणार, खाली माठ उपडा घालणार, आणि त्या पोरीला हाक मारणार. मला चांगलं माहीत आहे, की हे नवं मशीन संध्याकाळपर्यंत बोटभरही उतरायचं नाही. माठ फुटणार नाही. पोरगा माझी चेष्टा करेल. करू दे. दोन खुर्च्या मांडायला सांगितल्यात, निंब अजून आहे.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. सुरतेहून तुमच्या भावाची पत्रं यायची, ती सगळी मीच ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार? म्हणून कागद इथंच राहील, गमछ्याच्या घडीत. एक मात्र सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मडकं फुटण्याची वाट मी बघत नव्हते, आबा. सुपडं खाली येतं हे मला तुम्ही सांगितलंत तेव्हाच पटलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात माझ्याजवळ दिवसभर कुणी बसलं नव्हतं, म्हणून मी बसून राहिले. आणि मडकं फुटलं तेव्हा मला वाईट वाटलं.